विधान क्रमांक एकेचाळीस

दिंडोरी रोडचं केंद्र, वरचा मजला.
पंख्याने उत्तरपत्रिका उडतात,
म्हणून तो बंद करून मी वाचते:
'इतरांना ऐकू न येणारे आवाज मला ऐकू येतात.'
बरोबर की चूक?

येवाजी भोये, बाऱ्ह्याकडचा. अकरावा दिवस.
हाताची थरथर आता फक्त चहाच्या कपापुरती.
तो विचारतो, "कोणत्या महिन्यात?"

महिना लिहिलेला नाही.

"मार्गशीर्षात येतात. डोंगऱ्यादेवाला बसलो की.
मला, चुलत्याला, पावरीवाल्याला तर सगळ्यांच्या आधी.
ज्याला नाही आले त्याला आम्ही विचारतो,
बाबा, तुझं काय चुकलं?"

मी 'बरोबर'वर खूण करते.
आलेख धोक्याच्या रेषेपलीकडे जाऊन बसतो.

'मी एकटाच पितो.'
"एकटा कसा? पहिला थेंब भुईला. दुसरा मेलेल्यांना."
आणि तिसऱ्यापासून?
तो खिडकीबाहेर बघत राहिला, बराच वेळ.
"तिसऱ्यापासून मोजलंच नाही."

'मला अपराधी वाटतं.'
"केस नाही झाली, बाई."
तसं नाही हो, आत. मनात.
"आत?" त्याने हात ठेवला बरगड्यांखाली, उजवीकडे,
डॉक्टरांनीही तिथंच ठेवला होता.
"बायको शेजारणीकडून नागलीचं पीठ उसनं आणते ना,
तेव्हा इथं जड होतं."
ह्याला रकाना नाही.

ही चाचणी कुठल्याशा बर्फाच्या गावातल्या
माणसांवर बेतलेली. मग कुणीतरी तिचं मराठी केलं,
असं मराठी, की 'विमनस्क' मलाच दोनदा वाचावं लागतं.

सकाळी ह्याच खुर्चीत गंगापूर रोडचा निनाद होता.
बावीस मिनिटांत सगळं. हे त्याचं तिसरं केंद्र,
विधानं पाठ. आलेख इतका सपाट
की पट्टी म्हणून वापरावा.
शुक्रवारी त्याच्या मोज्यात गोळ्या सापडल्या.

पाचपर्यंत अहवाल द्यायचाय.
खोडरबर काढते. परत ठेवते.
समासात बारीक अक्षरात लिहिते: महिना विचारावा.
हे कोण वाचणार, माहीत नाही.

येवाजी कागदाकडे वाकून बघतो, वाचता येत नसूनही.
"बाई, तुम्हाला येतात का कधी?
बरोबर की चूक, एवढंच सांगा."

खाली चहाची घंटा झाली.
ती दोघांनाही ऐकू आली.