पडतं, लागतं

भूल पडते, भुरळ पडते, मोह पडतो.
नाद लागतो, वेड लागतं.
मराठीत माणूस स्वतः काही करतच नाही,
त्याच्यावर पडतं, पाल पडावी तसं,
नाहीतर त्याला लागतं,
जशी ठेच, जशी उचकी.
चोवीस वर्षं शाळेत क्रियापदं शिकवली,
हे कधी लक्षात आलं नव्हतं.

मला लागलं ते सराफ्यात.
भाचीच्या केळवणानंतर गराडू खायला गेलो
आणि गप्पांत दोन वाजले.
कढया उतरल्या, बाकं उलटी झाली,
भट्टीवर पाणी पडून चुर्र झालं.
तेव्हा दिसली, बंद पेढीच्या पायरीशी उकिडवी,
दात घासायच्या ब्रशानं
फरशीची सांध झाडणारी बाई.

नफीसा. न्यारियांच्या घरातली.
दिवसभर कानशीखालून उडालेली कणी
कारागिरांच्या चपलांना चिकटून रस्त्यावर येते.
तिच्यावर रात्री जिलबीचा पाक सांडतो, शेवेचा चुरा,
हजार पाय.
ही ते सगळं गोळा करून नेते,
धुते, गाळते, पारा फिरवते, जाळते.
"मिलता है कुछ?"
"कभी मूँग बराबर. कभी वो भी नहीं."

मग मी दर शनिवारी गेले. मग बुधवारीही.
रामबागेतून इतक्या रात्री रिक्षा मिळत नाही,
म्हणून विश्राम उठतो, कानटोपी चढवतो,
स्कूटर काढतो. विचारत नाही.
पहिल्या महिन्यात विचारायचा.

सोनं मला नको. आहेत त्या पाटल्याही बँकेत पडून आहेत.
मी बघते तिचं बघणं.
तीन तास जमिनीच्या एका वितीकडे ती असं बघते,
जसं माझ्याकडे कुणी कधी

हे वाक्य खोडलं.

एकदा धीर करून म्हटलं,
सोन्यानं बांधून ठेवलंय का गं तुला?
हसली. "सोना तो सेठ का, बाई.
मैं तो धूल की."
आणि ब्रश न थांबवता,
"आप किसकी?"

मी पर्स उघडली, बंद केली.
कोपऱ्यावर विश्राम हँडलवर डोकं टेकून झोपला होता,
किल्ली तशीच लावलेली.

हल्ली घरी केर काढताना
उंबऱ्याशी हात मंदावतो.
कणीक, केस, मुंग्यांनी वाटेत टाकलेलं काहीबाही.
सुपलीत भरते,
डब्यापर्यंत जाते
आणि उभी राहते.