दोन कप्प्यांची पिशवी

गोधडीला कापड कधी मोजून येत नाही.
कोणी सहा साड्या देतं, लागतात साडेचार,
कोणी वाशीच्या दुकानातून नातवासाठी तागाच आणतं,
आणि पट्ट्या कापून उरतं ते
"राहू द्या काकू तुम्हालाच" म्हणत निघून जातं.
असं राहू देता देता
कोपरखैरण्याच्या आमच्या दहा बाय पंधराच्या खोलीत
बटाट्याची तीन पोती चिंध्यांनी भरली
आणि ह्यांनी विचारलं,
आता झोपायचं पोत्यांवर, की पोत्यांत?

खारघरच्या इस्पितळातली सिस्टर शैनी
बहिणीच्या बाळासाठी दुपटं न्यायला आली होती.
पोती बघून म्हणाली, मावशी, पिशव्या शिवाल?
बायकांच्या छातीची ऑपरेशनं होतात,
काखेखालून नळी निघते, नळीला बाटली,
ती हातात धरूनच हिंडतात.
केस बांधायचे तर बाटली कोणी धरायची?

पहिली पिशवी मी सुंदर शिवली.
पांढऱ्यावर निळी फुलं, कडेला गोट, गळ्यात नाडी.
ह्यांनी ती अडकवली, आत पाण्याची बाटली ठेवली,
दारापासून नळापर्यंत गेले आणि परत आले.
अख्खी चाळ हसली,
द्वारका उतेकर तर तोंडात पदर कोंबून.
हे हसले नाहीत.
एकतीस वर्षं तुर्भ्याच्या बाजारात पोती वाहिलेला माणूस.
मानेवरून बोट फिरवत म्हणाले,
नाडी चावते.
चार बोटं रुंद पट्टा कर, आत दोन पदर घाल.
ओझ्याचं काही नसतं, ते टेकतं कुठं ते बघ.

दहा पाठवल्या. मग निरोप यायला लागले.
एकीचा: कापड गडद हवं,
बसमध्ये शेजारणीला लाल दिसतं.
दुसरीचा: गडद नको,
माझी पोर रोज बघते किती भरलं,
भिंतीवर पेन्सिलीनं लिहिते,
ऐंशी, साठ, पुन्हा सत्तर, पंचेचाळीस.
तिसरीला नळ्याच दोन.
मग मी दोन कप्पे केले,
पुढून जुन्या मच्छरदाणीची जाळी,
वर काळ्या खणाची झडप, एक बटण.
उघडायचं की झाकायचं,
ते जिचं तिनं बघावं.

एक गोष्ट मात्र कुसळासारखी टोचत राहिली.
माझी आई गोधडी बंद करायच्या आधी
शेवटच्या कोपऱ्यात चिमूटभर तांदूळ ठेवायची.
पांघरूण उपाशी नको, म्हणायची.
आणि सिस्टरनं बजावलेलं,
आत दाणा नको, सुटा दोरा नको,
उकळत्या पाण्यातून काढून इस्त्री करूनच द्यायच्या.
बरोबरच आहे तिचं.
पण साठ-पासष्ट पिशव्या माझ्या हातून
उपाशीच घराबाहेर पडल्या.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्यातली एक परत आली.
धुतलेली. पट्ट्याची घडी पट्ट्यावर.
जव्हारकडची कोणी जमनी भोये,
तिच्या नळ्या निघाल्या होत्या,
दुसरीला होईल म्हणून ठेवून गेली.
उचलली तर जड लागली.
एका कप्प्यात नाचणी, दुसऱ्यात वरई,
झडपेचं बटण नीट लावलेलं.
काय म्हणाली गं, मी विचारलं.
सिस्टर म्हणाली, काही नाही.
पट्टा चावला नाही, एवढंच.

ह्यांना सांगितलं.
ते बोलले नाहीत,
परात घेऊन वरई निवडायला बसले.

पिशवी मी पुन्हा उकळली, वाळवली.
जाळीच्या शिवणीत नाचणीचा एक दाणा अडकलाय,
सुईच्या टोकानं सहज निघेल.
काढायलाच हवा, सिस्टर रागावेल.
उद्या काढते.
आज कुठं ठेवलाय कोण जाणे,
चष्माच सापडत नाही.