आवाज ठेवाल का?

कर्वे रोडवरच्या पहिल्यानं एसी लावला,
पडदे ओढले आणि ड्रोन उडवला.
कुणाचं तरी लग्न आम्ही वरून पाहिलं.
मांडव सुपारीएवढा,
माणसं म्हणजे सांडलेल्या अक्षता.
छानच होतं. पण वरून तर देवही बघतो,
त्याला कुठे कोणी ऐंशी हजार देतं?

दुसरा भांडारकर रस्त्यावरचा.
"आम्ही शूटिंग करत नाही, मॅडम, गोष्ट सांगतो."
गोष्टीत नवरी खिडकीशी, नवरी आरशाशी,
नवरी एका झाडाला टेकून उगाचच उभी.
शाल्मली टेबलाखालून मला चिमटे काढत होती.
मी विचारलं, आवाज ठेवाल का?
"म्युझिक आमचंच असतं. लायसन्सवालं."
तसा नाही हो. माणसांचा.
तो हसला,
हॉटेलात कुणी घरची आमटी मागावी तसा.

माझ्या लग्नाची होती एक कॅसेट.
एक्याण्णव साल. एकाच्या खांद्यावर कॅमेरा,
दुसऱ्याच्या हातात तो भगभगीत दिवा,
वळेल तिकडचे सगळे डोळे मिचकावणारे.
नंदूनं तिच्यावर मॅच टेप केली.
सहा महिने बोलले नाही मी त्याच्याशी.
मॅच संपते, थोडी खरखर,
आणि एकदम पंगत.
चारच मिनिटं. त्यात मी नाहीच.
अण्णा आहेत, पाठमोरे, उपरण्यानं मान पुसत,
"अरे, तिकडे मठ्ठा पोचला का?"

अण्णांचा आवाज आता घरात एवढाच.
मठ्ठा पोचला का.

तिसरा सापडला धनकवडीत.
खाली झेरॉक्स, वर जायला लोखंडी जिना,
पाटीवर तन्वीर शिकलगार, त्यातला 'र' पुसट.
चहा स्वतःच खालून घेऊन आला.
लग्न कधी, कुठे, किती माणसं,
सगळं वहीत लिहून झाल्यावर म्हणाला,
"घरात हळू कोण बोलतं?"
आम्ही दोघी एकदमच म्हणालो, बाबा.

मग मी साठाचे बावन्न केले.
(ते करायलाच हवं होतं,
नाहीतर त्यालाही चुकल्यासारखं वाटलं असतं.)
त्याची अट एकच,
"माझ्या पोरांना जेवायला शेवटी बसवू नका.
शेवटी फक्त भात उरतो."

पावती घरी येऊन नीट पाहिली.
पुढे, ॲडव्हान्स अकरा हजार, अक्षरी, सहीसकट.
मागे पेन्सिलनं, बहुधा स्वतःसाठी,
'वडील. हळू बोलतात. कॉलरला माइक.
पाठवणीला जवळ थांबणे.'

ह्यांनी चष्मा लावून फक्त पुढची बाजू वाचली.
"जास्त आहेत," म्हणाले,
ते इतकं हळू
की शेजारी बसलेल्या शाल्मलीनं विचारलं,
"काय म्हणाले बाबा?"