शॉकअप

पूर्णगडचा पूल संपला की वळणावर
ती शेपूट हलवायची.
आधी हळूच. मग अशी, की जीपच मागे ओढली जावी
आणि स्टिअरिंगने मला विचारावं,
कोण कुणाला नेतंय?

आत पेटीत, मखमलीच्या खाचांत दोनशे सहासष्ट भिंगं.
दर मुक्कामाला दोन-तीन तडकलेली.
भिंतीवर अक्षरांचा तक्ता तिरका,
त्यालाच नंबर लागल्यासारखा.

नाटे बंदराजवळ, जाळ्यांच्या ढिगामागे गॅरेज.
शब्बीर सोलकरने कॅराव्हॅनच्या कोपऱ्यावर सगळं अंग टाकलं
आणि सोडलं.
वर, खाली, वर, खाली.
मोजून पाच वेळा.
"बघ बाय, पाटे झ्याक आहेत.
पण पाट्याला एक धक्का सांगितला
की तो गावभर सांगत सुटतो.
त्याला गप कर म्हणणारा कोण नाय खाली.
बांधली कुणी ही? शॉकअपच विसरला."
बांधणारा माझा भाऊ.
मी ते सांगितलं नाही.

भंगारातले त्याने हातात धरले, दाबले, फेकले.
नवे रत्नागिरीहून आले एसटीने,
कंडक्टरच्या सीटखाली, सोड्यांच्या पुडक्याला टेकून.
दोन दिवस त्यांना सोड्यांचा वास.

चाकांना जांभ्याचे चिरे लावले, जॅक चढवला.
एका मोडक्या होडीच्या इंजिनाखालची पट्टी कापून ब्रॅकेट केले,
"खाऱ्या पाण्यात वीस वर्षं काढलीत हिने,
तुझा रस्ता काय करणार हिला."
शॉकअप सरळ नाही, जरा तिरके,
चाकाच्या जमेल तितके जवळ.
टेप मुदस्सरच्या खिशातच राहिला.
हा अंगठ्याच्या पेराने मोजत होता.
"सतराचा दे," म्हणायचा,
आणि पान्याच्या जबड्यात करंगळी घालून
खात्री करून घ्यायचा की सतराचाच.

तेव्हा माझ्या लक्षात आलं.
वेल्डिंगची रेघ बघताना तो मान वळवायचा,
कोंबडी दाणा बघते तशी, एका बाजूने.
शॉकअपवरचा नंबर भाच्याकडून वाचून घेतला.
चहाचा कप ठेवला तो स्टुलाच्या कडेच्या जरा पलीकडे.
कप फुटला. कुणी काही बोललं नाही.

तिसऱ्या दुपारी परत कोपऱ्यावर अंग टाकलं.
खाली. वर.
अर्धी खाली, आणि उभी.
"दीड," तो म्हणाला. "एवढंच पायजे. याहून कडक केली
तर भिंगं तशीच फुटतील, नुसती गपचूप फुटतील."

"आता आत या," मी म्हटलं. "आता तुम्ही."
तो पायरी चढला आणि कॅराव्हॅन हलली नाही.
इतक्या वर्षांत माणूस आत आल्याचं
मला पहिल्यांदाच जमिनीकडून कळलं नाही.

उजव्या डोळ्याने चार ओळी.
डाव्याने वरचं एकटं मोठं अक्षर,
तेही अंदाजाने, आणि चुकीचं.
"हे काय नट आहेत," तो हसला, "बोटांनी वाचू?"
टॉर्चच्या उजेडात डाव्या बाहुलीत
दुधाचा थेंब, पिकलेला.
मी कागदावर लिहून दिलं, रत्नागिरी, शस्त्रक्रिया, लवकर.
त्याने घडी केली आणि कागद ठेवला
पान्यांच्या पेटीत, सोळा आणि अठराच्या मधे.
सतराचा अजून चाकाखालीच पडला होता.

मजुरी पूर्ण घेतली. एक रुपया सोडला नाही.
मीही तपासणीचे पैसे मागितले. त्याने दिले,
नोट उजेडाकडे धरून, वळवून, अंगठ्याने चाचपून.

गावखडीचा उतार, मग शाळेजवळचा गतिरोधक.
मी खांदे आवळले.
ती एकदा डुलली आणि थांबली.
पुलापर्यंत एकही भिंग वाजलं नाही.
त्या शांततेत, पूर्णगडच्या वळणावर,
मला पहिल्यांदा ऐकू आली
माझ्या जीपची खडखड,
पुढच्या डाव्या चाकातून.

दाखवायला परत जावं लागेल नाट्याला.
जाईन तेव्हा पान्यांची पेटीही उघडून बघेन.