लाँग बीचला येतेस तर

थेट समुद्राकडे नको वळूस.
आधी अ‍ॅनहाइम स्ट्रीट. चन्थाकडे
पहाटे चारपासून डोनट तळतात.
गुलाबी खोका घे. ती नाव विचारेल,
सोपं करून सांगू नकोस.

किनाऱ्यावर मोठ्या लाटा शोधू नकोस.
नौदलाने बांध घातला,
नौदल गेलं, बांध राहिला.
समोरच्या बेटावरचे रंगीत मनोरे
म्हणजे तेलविहिरींवरची झूल;
सहा वर्षं मी पाहुण्यांना
हॉटेल म्हणून दाखवले.

पौर्णिमेनंतरची एक रात्र मात्र राख.
बॅटरी विझव.
ग्रनियन मासे भरतीवर चढून येतात,
वाळूत शेपटी रोवून उभे राहतात, अंडी घालतात,
पुढच्या एवढ्याशा लाटेवर परत.
मीही दोन वर्षांसाठीच आले होते.

जाकीट आण. रात्री गार वारा सुटतो.