गोटी

ॲक्रन, ओहायो. मार्चचा दुसरा आठवडा.
रस्त्याकडेचा बर्फ काळा पडलाय,
आणि डार्लीन ह्रुबिक गाडीतून उतरते
छातीशी एक कागद धरून.

बावीस वर्षं शाळेची बस चालवली तिनं.
गाठीला बांधलेलं सगळं आता
या दोन मजल्यांत घालायचं म्हणते.
कागदावर सगळं चोख:
खालचे नऊशे ऐंशी, वरचे सातशे दहा,
वजा कर, वजा विमा, वजा हप्ता,
वजा पाच टक्के रिकामे महिने,
आणि तळाशी, दोनदा अधोरेखित,
महिन्याला तीनशे बारा डॉलर हातात.

आकडे माझं काम नाही. मी घरं तपासतो.
माझ्या खिशात बॅटरी, स्क्रूड्रायव्हर, एक गोटी.
गोटी मी स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवतो.
ती जरा विचार करते,
मग टेबलाखालून, उंबऱ्यावरच्या फटीतून
थेट पूर्वेच्या भिंतीला जाऊन टेकते,
जसं काही तिला बोलावणं होतं.
डार्लीन हसते.
मी हसत नाही.

तळघरात पाण्याची रेघ,
माझ्या घोट्याच्या वर चार बोटं,
तिच्यावर ताजा पांढरा हात फिरवलेला.
मालक म्हणाला होता, कोरडं ठक्क आहे.
असेल. रंग तरी कोरडा आहे.

बाहेर मेपल. काय देखणा!
जाहिरातीतल्या फोटोत घराहून जास्त तोच.
त्याची मुळं केव्हाच शिरली असतील
मातीच्या जुन्या नळात, सांध्यासांध्यातून,
सगळ्यांत जुने भाडेकरू,
एक पैसा न देता राहणारे.

“त्याची तरतूद आहे,” ती बोट ठेवते,
“देखभाल, दहा टक्के.”
बाई, घर टक्क्याटक्क्यानं मोडत नाही.
एकदम मोडतं.
बहुधा सुट्टीच्या दिवशी, रात्री,
आणि तेव्हा फोन तुमचा वाजतो.

हे मी मनात म्हणालो की मोठ्यानं, आठवत नाही.

वरच्या मजल्यावर व्हर्ना स्टबलफील्ड.
एकोणीस वर्षं. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात होती,
हात अजून तसेच, गरम पाण्याला न भिणारे.
कागदावर तिचं नाव नाही. तिथं ती म्हणजे
‘सातशे दहा, बाजारभावाहून कमी’,
आणि मागच्या बाजूला, दुसऱ्या वर्षाच्या रकान्यात,
‘नूतनीकरणानंतर अकराशे पन्नास.’

तिनं कॉफी विचारली. आम्ही नको म्हणालो. तिनं ओतली.
मग मी कोठीचं दार उघडलं, सवयीनं,
ओल बघायला,
तर दाराच्या आतल्या अंगाला, वरपासून खालपर्यंत,
पेन्सिलीनं:
नोव्हें. ०७, भट्टी बंद, तीन दिवस.
एप्रिल ११, छत, दोन बादल्या.
जाने. १४, नळ गोठला. रात्री बारीक धार चालू ठेवणे.
जून १९, गटार वर आलं. खालच्या पोरीला इथं झोपवलं.
मालक बदलला.
मालक बदलला.
छत, तीच जागा.

सोळा वर्षं हा धंदा करतोय मी.
इतका सरळ अहवाल माझ्या हातून झालेला नाही.

डार्लीननं चष्मा काढला, पुसला, परत लावला.
बराच वेळ उभ्यानंच वाचत राहिली.
मग कागद उलटा करून, गुडघ्यावर धरून,
उतरवून घ्यायला लागली.
जागा पुरेना,
तशी अकराशे पन्नासवरूनच लिहीत गेली.
व्हर्ना म्हणाली, “पेन्सिलीला टोक करून देऊ?”

माझा अहवाल बत्तीस पानांचा, फोटो एक्केचाळीस.
‘इतर शेरा’ या चौकटीत दोन ओळी मावतात.
मी लिहिलं: वर एक दार आहे.
घर घेतलंत तर ते रंगवू नका.

घेतलं की नाही, मला कळलं नाही.
माझे पैसे वेळेवर आले.
गोटी तेवढी तिथंच राहिली.