पहाडासहित

वडलांच्या पावतीपुस्तकात दोनच भाव होते,
'साधा' आणि 'पहाडासहित'.
पहाडासहितचे पाच रुपये जास्त.

चिखलदऱ्याच्या पॉईंटवर, कठड्यापासून सात पावलं आत
एक चपटा दगड होता, त्यावर ते उभे राहत.
एकतीस हिवाळे. मफलर एकच.
हिंगणघाटची नवी जोडपी,
घाटात उलट्या करून आलेल्या मावश्या,
शाळेच्या सहली, एकाच स्वेटरमध्ये आळीपाळीनं तिघं.
"मान जराशीक डाव्या अंगाले घ्या बाई,
नाहीतं पहाड डोक्यातून उगवंन."
मग पत्ता लिहून घ्यायचा
आणि आठवड्यानं परतवाड्याहून पोस्टानं पाठवायचा पहाड
कुणाच्या तरी कानामागचा.

ते स्वतः कधी वर गेले नाहीत.
दहावीत असताना मी विचारलं होतं.
म्हणाले, "धंदा सोडून? आन तथून दिसंन काय,
मीच ना?"

आज बाबनू बेठेकर पुढं चालतोय.
हातात काठी, खांद्यावर माझी पाण्याची बाटली.
रिसॉर्टच्या कागदावर लिहिलंय: चढाई, मध्यम, नाश्त्यासहित.
सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडतात,
कुसळं मोज्यातून आत, थेट घोट्यापर्यंत.
एका ठिकाणी गवत दबलेलं.
बाबनू तिथं तळहात ठेवतो, मलाही ठेवायला लावतो.
"गवा. आत्ताच उठला."
जमीन खरंच कोमट होती.
त्यानंतर बराच वेळ मी काही बोलले नाही.

मग कातळ. काळा, तीन पुरुष उंच,
मध्ये सालईचं एक मूळ, दोरासारखं.
"पायाकडं नका पाहू ताई. हाताले इचारा."
हाताला विचारलं. हात घामेजलेला, त्याला काही माहीत नव्हतं.
अर्ध्यावर गुडघा लटपटायला लागला
आणि तेव्हाच ओळखू आली जागा:
फोटोत हा पहाडाच्या गालावरचा तीळ.
निगेटिव्हवरचा डाग समजून
मी तो एकदा पेन्सिलीनं भरून टाकला होता, सातवीत.
वडील रागावले नाहीत.
पाच गिऱ्हाइकांना त्या आठवड्यात गुळगुळीत पहाड गेला.
आणि आता मी त्याच तिळाला दोन्ही हातांनी धरून,
गाल दगडाला लावून, श्वास मोजत.

माथ्यावर फारसं काही नाही.
शेंदूर लावलेला एक दगड, एक तुटका पट्टा चपलेचा,
आणि वारा, कानात ओरडून बोलणारा.
खाली रिसॉर्टांची निळी छपरं,
पोहण्याचा तलाव गोळीएवढा,
पलीकडं उतारावरून सुटलेलं मैदान, धुळकट, संत्र्यांच्या बागांपर्यंत.
पॉईंट मला सापडेना.
बाबनूनं काठीनं दाखवला. तिथं माणसं होती म्हणे.
मला तीळ सांडल्यासारखं दिसलं, हलणारं.

मी त्याला वडलांचं सांगितलं. पाच रुपयांचंही.
तो पोहे खात होता. थांबला.
"फोटोवाले तायवाडे? निळ्या मफलरचे?
माही माय सांगे. थे तर रोज इथंच,
चारोळी, गवत, सरपन. मी पाठीवर बांधलेला.
थकली का इथं बसे अन् तिकडं चमकलं का म्हने,
निघाला आपला फोटो."
मग हसला, दाताला कढीपत्ता लागलेला.
"पहाडासहित म्हंजे
आम्ही बी आलोच ना ताई त्याच्यात."

उतरताना मी दोनदा पडले.
दुसऱ्यांदा त्यानं मनगट धरलं ते कातळ संपेपर्यंत.

घरी पत्र्याच्या डब्यांत निगेटिव्ह आहेत,
काही एकमेकांना चिकटलेली, काहींना बुरशी.
भिंग मात्र कुठं ठेवलंय
तेच आठवत नाही.